रुंद तोंडाचा घडा



आजचं वाचन महाभारताच्या आदिपर्वातलं. प्रसंग इतका छोटा आहे की पारायणात पटकन पुढे निघून जातो. टीव्हीवरच्या मालिकेत तर मला तो पाहिल्याचं आठवतही नाही.

द्रोणाचार्य शिष्यांना पाणी आणायला पाठवत. सगळ्यांच्या हातात कमंडलू, म्हणजे अरुंद तोंडाचं भांडं, भरायला वेळ लागणारं. फक्त अश्वत्थाम्याच्या हातात रुंद तोंडाचा घडा. तो बुडवला की भरला. त्यामुळे अश्वत्थामा सगळ्यांच्या आधी परत येई, आणि बाकीचे येईपर्यंत द्रोण त्याला काही वरच्या विद्या शिकवत. हे अर्जुनाच्या लक्षात आलं. त्याने तक्रार केली नाही. वारुणास्त्र वापरून तो आपला कमंडलू झटकन भरायला लागला आणि गुरुपुत्राबरोबरच परत यायला लागला. संपली गोष्ट.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलोच. म्हटलं, ही तर आपल्याच ऑफिसातली गोष्ट! मग थोड्या वेळाने हसू गेलं. कारण यात अन्याय कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येत नाही. काम सगळ्यांना एकच, नदी एकच, अंतरही तेच. कोणालाही "तुला शिकवणार नाही" असं म्हटलेलं नाही. फरक फक्त भांड्याच्या तोंडाचा. रात्री त्या राजपुत्रांपैकी एखाद्याला आईने विचारलं असतं, "गुरुजी भेदभाव करतात का रे?" तर तो बिचारा म्हणाला असता, "नाही गं, मीच हळू आहे."

आता जरा हस्तिनापूरचा कर्मचारीवर्ग बघा. कृपाचार्य तिथे आधीपासून नोकरीला. त्यांची बहीण कृपी ही द्रोणांची बायको. द्रुपदाने अपमान केल्यावर द्रोण हस्तिनापुरात आले ते मेहुण्याच्याच घरी उतरले. पुढे तेही तिथेच आचार्य झाले, आणि मुलगा अश्वत्थामा त्याच गुरुकुलात. म्हणजे मेहुणा, बाप आणि मुलगा, एकाच घरातले तिघं एकाच ठिकाणी. पण गंमत म्हणजे द्रोणांची नेमणूक वशिल्याने झालेली नाही. विहिरीत पडलेली मुलांची विटी त्यांनी गवताच्या काड्यांची साखळी करून वर काढली, मुलांनी ते भीष्मांना सांगितलं आणि भीष्मांनी गुण पाहून त्यांना नेमलं. यापेक्षा स्वच्छ टेक्निकल राउंड कुठला असणार? प्रवेश चोख होता. घडा नंतर आला.

आपले सगळे नियम मात्र प्रवेशावर पहारा देणारे. नातेवाईक त्याच कंपनीत असेल तर फॉर्म भरून जाहीर करा, मुलाखतीच्या पॅनेलवर बसू नका, एकाने दुसऱ्याला रिपोर्ट करू नका. कायदाही तसाच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८८ नुसार संचालक किंवा प्रमुख व्यवस्थापकीय अधिकाऱ्याच्या नातेवाइकाला कंपनीत लाभाचं पद द्यायचं तर साधारणपणे संचालक मंडळाची संमती लागते, आणि मोबदला महिना अडीच लाखांच्या वर गेला तर भागधारकांचीही. 'नातेवाईक' कोण याची यादीसुद्धा ठरलेली आहे. नवरा-बायको, आईवडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण. बायकोचा भाऊ त्यात नाही. म्हणजे या यादीप्रमाणे कृपाचार्य आणि द्रोणाचार्य एकमेकांचे नातेवाईकच नाहीत! आपल्या लग्नाच्या पत्रिकेत छापायची नावं ठरवणाऱ्या कुठल्याही काकूंनी ही यादी एका मिनिटात फाडून टाकली असती.

हे नियम हवेतच, मी त्यांची थट्टा करत नाही. नियम नसतात तिथे काय चालतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण घड्याचं तोंड किती रुंद, हे कुठल्याच फॉर्ममध्ये विचारलेलं नसतं.

द्रोणांना दोष देण्याआधी अजून एक प्रसंग वाचायला हवा. अश्वत्थामा लहान असताना घरात गाय नव्हती. श्रीमंतांची मुलं दूध पिताना पाहून तो रडला. मग इतर मुलांनी पाण्यात पीठ कालवून त्याला दिलं आणि "मी दूध प्यायलो" म्हणत तो आनंदाने नाचला. ती पोरं हसत होती. हे द्रोण स्वतः भीष्मांना सांगतात. ज्या बापाने हे डोळ्यांनी पाहिलंय, त्याच्यासमोर पुढे शंभरावर राजपुत्र बसलेत, ज्यांना दुधाची कमतरता कधी माहीतच नव्हती. माझ्या मुलाला यांच्यापेक्षा थोडं जास्त मिळू दे, असं त्याला वाटलं तर तुम्ही-मी त्याला काय म्हणणार? मला तर घड्याआधी ते पिठाचं पाणी दिसतं.

हा प्रसंग आत्ताच का घेतला, ते सांगतो. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपासून माझ्याच कंपनीत आहे. हिंजवडीला, त्याच इमारतीत, दोन मजले खाली. वयात सात वर्षांचं अंतर. त्याचा रेझ्युमे मीच रेफर केला, नातं जाहीर केलं, मुलाखतीच्या जवळपासही फिरकलो नाही. त्याचं प्रोजेक्ट वेगळं, मॅनेजर वेगळा. वर्षअखेरीला रेटिंग ठरवायच्या बैठकीत त्याचं नाव आलं की मी उठून बाहेर जातो आणि कॉफी मशीनपाशी उभा राहतो. कागदावर सगळं चोख.

पण आम्ही वाकडला एकाच फ्लॅटमध्ये राहतो आणि रात्री एकत्र जेवतो. जेवताना काय बोलणार? ऑफिसच. एखादं डिझाईन असंच का केलं, क्लायंटसमोर "माहीत नाही" हे कसं म्हणायचं, कुठली चूक मॅनेजरला आधी सांगावी आणि कुठली दुरुस्त करून मग सांगावी. गुपितं नाहीत यात. ज्या गोष्टी कुठल्याही ट्रेनिंगमध्ये नसतात, पण ज्यांच्यामुळे माणूस पाच वर्षांत पुढे जातो किंवा तिथेच राहतो, त्या सगळ्या आमटी-भाताबरोबर त्याला मिळतात. माझ्या टीममध्ये उदगीरकडचा एक मुलगा आहे. हुशार, घरातला पहिला इंजिनिअर. एकदा सहज म्हणाला, "सर, तुमचा भाऊ माझ्याच बॅचचा, पण मीटिंगमध्ये कसला शांत बोलतो! त्याने कुठला कोर्स केलाय का?"

कोर्स! रात्री साडेनऊचा, भाजी-पोळीसकट.

त्या प्रश्नानंतर हे पाण्याचे श्लोक मला वेगळे दिसायला लागले. मग जेवताना भावाशी ऑफिसबद्दल बोलायचं बंद करायचं का? काही मित्रांनी खरंच असं सुचवलं. मला ते पटत नाही. भावाने भावाला शिकवणं हा जर दोष असेल तर सगळी गुरुपरंपराच गुंडाळावी लागेल. शेतकऱ्याचा मुलगा बांधावर शिकतो, गवयाची मुलगी पहाटे तानपुऱ्याशी, कीर्तनकाराचा नातू टाळ घेऊन मागे उभा राहून. घरात मिळतं ते घरात मिळतंच.

म्हणून मी परत मूळ प्रसंगाकडे गेलो, आणि मला वाटतं की द्रोणांची चूक घड्यात नाहीच. ती कमंडलूंमध्ये आहे. मुलाला पहाटे उठवून, स्वतःच्या झोपेतला तास काढून शिकवलं असतं तर कोण काय म्हणणार होतं? पण द्रोणांनी वेळ स्वतःच्या वाट्यातून काढला नाही. बाकीच्यांच्या भांड्यांची तोंडं अरुंद ठेवून तो तयार केला. दोन्ही भांडी वाटणारा हात एकच होता आणि त्या हाताची दक्षिणा हस्तिनापूर देत होतं.

इथे मला आपले तुकोबा आठवतात. त्यांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती, लोकांकडून येणं असलेल्या रकमांची खतं होती. धंदा भावाभावांचा. तुकोबांना तो सगळा पसारा नको झाला तेव्हा त्यांनी ती खतं इंद्रायणीत बुडवली, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण परंपरा त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगते, जी आपण पटकन विसरतो. त्यांनी आधी वाटणी केली. निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि फक्त आपली निम्मी बुडवली. वैराग्याच्या भरातसुद्धा दुसऱ्याच्या वाट्याला हात लावला नाही. मला यात त्यागापेक्षा हिशोब जास्त भावतो. माझं काय आणि माझं नाही ते काय, ही रेघ आधी ओढली, मग देणं किंवा सोडणं.

माझे रात्रीचे साडेनऊ माझे आहेत, ते मी भावाला देऊ शकतो. पण सकाळी दहा ते संध्याकाळी सातमधला रिव्ह्यूचा वेळ, कोणाला कुठलं काम द्यायचं हा निर्णय, कोणाचं नाव वर कळवायचं ही संधी, ही माझी नाहीत. ती माझ्या हातातून जातात म्हणून माझी वाटतात, एवढंच. "माझा नातेवाईक पुढे गेला का" हा प्रश्न मला आता फारसा कामाचा वाटत नाही. "मी कोणाचं तोंड अरुंद केलं" हा वाटतो. पहिल्याचं उत्तर फॉर्मवर देता येतं. दुसऱ्याचं उत्तर देण्याआधी आजूबाजूच्या लोकांकडे नीट बघावं लागतं.

आणि उलट बाजूही आहेच. स्वतःचे हात स्वच्छ दिसावेत म्हणून आपल्याच माणसाला मुद्दाम अरुंद भांडं देणं. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण आपल्याच क्षेत्रातलं. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली, तेव्हा सुधा मूर्तींनी नारायण मूर्तींना दहा हजार रुपये दिले, हे आता दंतकथेसारखं झालंय. सुधाताई स्वतः इंजिनिअर, टेल्कोत काम केलेल्या. पण घरातलं एकच माणूस कंपनीत असेल असं मूर्तींनी ठरवलं आणि त्या बाहेर राहिल्या. कितीतरी वर्षं हे तत्त्वनिष्ठेचं उदाहरण म्हणून सांगितलं गेलं. मग २०१३ मध्ये मूर्ती कंपनीत परतले ते मुलगा रोहन याला सहायक म्हणून सोबत घेऊन, वर्षाला एक रुपया पगारावर. त्यावर बरीच टीका झाली, आणि २०१४ मध्ये दोघंही त्या जबाबदारीतून बाहेर पडले. पुढे २०२४ च्या एका मुलाखतीत मूर्तींनीच मान्य केलं की पत्नीला बाहेर ठेवणं चुकीचं होतं, तो चुकीचा आदर्शवाद होता, आणि ती आम्हा सगळ्या संस्थापकांपेक्षा जास्त पात्र होती.

एवढा मोठा माणूस इतक्या वर्षांनी हे म्हणतो, याचा मला आदर वाटतो. पण त्यात एक गोष्ट दिसते. नात्यामुळे आत घेणं आणि नात्यामुळे बाहेर ठेवणं, दोन्हीकडे बघितलं गेलं ते नात्याकडेच. समोरचा माणूस दोन्ही वेळा बाजूला राहिला. गीतेत भगवंत समदृष्टीबद्दल पुन्हापुन्हा बोलतात. ती दृष्टी आपण कायम परक्यांच्या संदर्भात लावतो, की परक्याला आपल्यासारखं मानावं. आपल्या माणसाला परक्याइतकं तरी न्याय्य वागवावं, हा अर्धा भाग राहूनच जातो. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्यात नवरा बायकोच्या रिव्ह्यूत दुप्पट कॉमेंट टाकायचा, कोणी काही बोलू नये म्हणून! ती शेवटी म्हणाली, "अरे, तुझ्या प्रामाणिकपणाचं बिल मी का भरू?"

माझा भाऊही हे बिल भरतोच आहे, वेगळ्या पद्धतीने. मागच्या वर्षी त्याने एक किचकट बग शोधून काढला, तीन रात्री जागून. मला त्यातलं काही माहीतही नव्हतं. टीममध्ये कौतुक झालं, आणि लिफ्टमध्ये कोणीतरी हसत म्हणालं, "दादा आहे ना वर, सांगितलं असेल." घडा हातात नसतानाही तो लोकांना दिसतो. जेवताना त्याने हे सांगितलं तेव्हा तो हसतच होता, पण त्या रात्री ऑफिसबद्दल त्याने मला काही विचारलं नाही. त्यानंतरही बरेच दिवस नाही.

घड्याने अश्वत्थाम्याचं तरी भलं झालं का? हे बघायला महाभारतात खूप पुढे, सौप्तिक पर्वापर्यंत जावं लागतं. तिथे श्रीकृष्ण सांगतात की ब्रह्मशिर अस्त्र द्रोणांनी आधी अर्जुनाला दिलं होतं. मुलाला ते सहन झालं नाही, त्याने हट्ट धरला. द्रोणांना त्याचा उतावळा स्वभाव ठाऊक होता, तरी त्यांनी फार खुशीने नव्हे पण दिलं, वर बजावलं की माणसांवर हे सोडू नकोस. शेवटी व्हायचं तेच झालं. दोघांनी अस्त्रं सोडली, व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले, अर्जुनाने आपलं अस्त्र मागे घेतलं आणि अश्वत्थाम्याला ते घेता आलं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोडक्शनचा ॲक्सेस मिळाला, रोलबॅक शिकलाच नाही. ते अस्त्र मग पांडवांच्या वंशाच्या गर्भावर गेलं. लवकर भरणाऱ्या घड्याने त्याला विद्या जास्त दिली, पण कमंडलू भरताना नदीकाठी थांबून राहण्याची जी सवय इतरांना लागली असेल, ती त्याला कुठून लागणार? आणि द्रोणांचा शेवटही त्याच मायेच्या दारातून आला. मुलगा मेला, एवढं कानावर पडताच त्यांनी शस्त्र खाली ठेवलं. कुठे घाव घातला की हा माणूस कोसळेल, हे सगळ्या छावणीला माहीत होतं.

मग घरातल्या घरात गुरु-शिष्य व्हावंच का? मला याचं उत्तर आळंदीच्या भावंडांमध्ये दिसतं. निवृत्तिनाथ थोरले भाऊ, आणि तेच ज्ञानोबांचे गुरु. त्यांना उपदेश गहिनीनाथांकडून मिळाला आणि तो त्यांनी धाकट्या भावालाच दिला. आजच्या एचआरला हे कळलं असतं तर थेट रिपोर्टिंगच, एकाच घरात! पण त्या घरात मिळालेलं पुढे कुठे गेलं बघा. नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, ज्ञानोबांनी गीता मराठीत सांगितली. संस्कृत न येणाऱ्या कोणालाही समजेल अशी. भावाकडून भरून घेतलेला घडा त्यांनी आणून चव्हाट्यावर ठेवला. शेवटचं मागणंसुद्धा सगळ्या विश्वासाठी, स्वतःच्या घरासाठी त्यात काही नाही. निवृत्तिनाथांनी भावाला इतरांपेक्षा जास्त दिलं का? हो, दिलं. पण त्यामुळे कोणाचा कमंडलू अरुंद झाला नाही, उलट कितीजणांच्या हातात पहिल्यांदा भांडं आलं.

हे मोठ्यांचं. आपण छोटी माणसं. उदगीरच्या मुलाच्या त्या प्रश्नानंतर मी गुरुवारी दुपारी चार ते पाच एक मीटिंग रूम बुक करायला लागलो, मॅनेजरला सांगून. अजेंडा नाही. ज्याला जे विचारायचं ते विचारा, जेवणाच्या टेबलावर विचारतात तसं. पहिल्या गुरुवारी तिघं आले आणि सगळे गप्प. आता सात-आठ जण येतात. खरं सांगू? तो तास रात्रीच्या साडेनऊची बरोबरी करत नाही. दुपारी चारला लोक जपून बोलतात, मीही जपूनच बोलतो. भावाला जे एका वाक्यात सांगतो ते तिथे तीन वाक्यांत, चार बाजू सांभाळून. तो मुलगा मात्र दर गुरुवारी येतो, वहीत लिहून घेतो. परवा त्याने अर्जुनासारखंच केलं, मीटिंगनंतर पार्किंगपर्यंत माझ्याबरोबर चालत आला आणि राहिलेला प्रश्न तिथे विचारला.

भाऊ गुरुवारी येत नाही. म्हणतो, "दादा, मी आलो तर बाकीचे मोकळं बोलणार नाहीत." मला वाटतं त्याचं बरोबर आहे, आणि त्याला असं वाटावं लागतं याचं वाईटही वाटतं.

गेल्या आठवड्यात त्याला बाणेरच्या एका छोट्या कंपनीची ऑफर आली. पगार जवळजवळ तेवढाच, काम चांगलं, आणि तिथे त्याला कोणीही माझा भाऊ म्हणून ओळखत नाही. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. त्याने मला विचारलं, "काय करू?" त्याचा पहिला रेझ्युमे मी रेफर केला होता, म्हणून हे उत्तर मी देऊ नये असं मला वाटतं, आणि मी अजून दिलेलं नाही. रात्री जेवताना आम्ही क्रिकेटवर बोलतोय. आईने मात्र साताऱ्याहून फोन करून आपलं मत कळवलंय, की दोघं भाऊ एका ठिकाणी आहेत तर कशाला हलायचं, दुखलंखुपलं तर धावून जायला कोणीतरी असतं.

उद्या सभापर्व सुरू करू. राम कृष्ण हरी.